बडोद्याचीं बिऱ्हाडें

माणसें आपला मुलूख सोडून दुसऱ्या राज्यांत कां जातात, आणि गेलेलीं माणसें कधीं कधीं तेथून परत कां फिरतात, या प्रश्नाचें उत्तर आमच्या घरीं फार पूर्वींच ठरून गेलेलें होतें. तें उत्तर म्हणजे आमच्या आजोबांच्या धाकट्या बंधूंची गोष्ट. ते १९०९ सालीं कोंकणांतलें घर सोडून बडोद्यास शिक्षक म्हणून गेले, ते तिकडचेच झाले. आम्ही मुलें त्यांना ‘बडोद्याचे आजोबा’ म्हणत असूं. दर गणपतींत, पानें वाढून होण्याची वाट पाहत ओटीवर बसलें असतां, कोणी तरी वडीलधारें माणूस ही गोष्ट सांगत असे.

एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि गांवच्या उपाध्यांनीं दिलेली चिठ्ठी, एवढ्या सामानानिशीं आजोबा बडोद्याच्या स्टेशनावर उतरले. ज्यांच्या नांवें चिठ्ठी होती ते गृहस्थ परगांवीं गेलेले. काय करावें या विचारांत ते रस्त्यावर उभे असतां एका अनोळखी गृहस्थांनीं थांबून त्यांचें नांव-गांव विचारलें. आडनांव ऐकतांच, ‘अहो, मग येथें उभे कां? घरीं चला!’ असें म्हणून त्यांनीं वळकटी स्वतःच्या खांद्यावर घेतली. त्या संध्याकाळीं आजोबा त्यांच्या पंक्तीस जेवले व रात्रीं त्यांच्याच माडीवर निजले. पुढें महिनाभर भाड्याचा शब्द कोणीं काढला नाहीं. गोष्ट संपली कीं सांगणारा म्हणे, ‘बडोद्यास गेलेला माणूस उघड्यावर पडत नाहीं.’

गेल्या माघांत आम्ही बडोद्यास जाऊन आलों. आजोबांचे नातू, म्हणजे आमचे दादा, आतां पंचाहत्तरीला आले आहेत. त्यांचीं दोन्हीं मुलें परदेशीं स्थायिक झालीं आहेत. ‘एकदोन वर्षांत घर विकावें लागेल, त्यापूर्वीं एकदां येऊन राहून जा,’ असें त्यांनीं कळविलें होतें. मुंबईहून सकाळची गाडी धरली. सुरतेस तापी आणि भडोचेस नर्मदा ओलांडली. नर्मदेच्या पुलावर शेजारच्या वृद्ध बाईंनीं खिडकींतून पाण्यांत नाणें टाकून हात जोडले, तेव्हां आम्हीही जोडले. दुपारीं बडोद्यास उतरलों तों दादा स्वतः घेण्यास आलेले.

बडोदें हें नांव आतां सरकारदप्तरीं राहिलें नाहीं. १९७४ पासून तें वडोदरा आहे. पण दांडिया बाजार, रावपुरा या भागांतून फिरतांना मराठी कानीं पडते, ती थोडी निराळी. दादांच्या घरीं ‘चहा घेणार ने?’ असें विचारतात; हा ‘ने’ गुजरातीचा. सकाळीं न्याहारीला सेव-उसळ आली. उसळ आपली आणि तिच्यावर मुठीनें पेरलेली शेव गुजरातची. तीनचार पिढ्यांच्या सहवासानें भाषेंत आणि ताटांत काय मिसळतें, तें या एका वाटींत दिसलें.

मराठी माणूस या शहरांत आला तो गायकवाडांच्या तलवारीमागून, अठराव्या शतकांत. प्रथम शिलेदार आले, मागून कारकून, शास्त्री व सावकार आले. दिवाण भाऊ तांबेकर यांचा वाडा अद्याप उभा आहे. त्याच्या भिंतींवरचीं चित्रें पाहत आम्ही अर्धा दिवस घालविला. परंतु सुशिक्षित कुटुंबांचा खरा ओघ सुरू झाला तो १८७५ नंतर. त्या सालीं मल्हारराव पदच्युत झाले आणि नाशिक जिल्ह्यांतल्या कवळाणें गांवचा गोपाळराव नांवाचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक येऊन सयाजीराव झाला. कारभार पाहण्यासाठीं आलेले सर टी. माधवराव हे कुंभकोणमचे, तंजावरकडच्या मराठी घराण्यांतले. त्रावणकोर आणि इंदूर येथें दिवाणगिरी करून ते येथें आले. राजा खेड्यांतून आणलेला, दिवाण कावेरीच्या कांठचा! जेथें वरपासून खालपर्यंत सारेच बाहेरचे, तेथें बाहेरच्याला परकें वाटण्याचें कारण उरत नाहीं.

१८८१ मध्यें सयाजीरावांनीं कारभार हातीं घेतला. पुढें कॉलेज निघालें, १८९० सालीं कलाभवन निघालें, १९०८ सालीं बँक निघाली, १९१० सालीं मध्यवर्ती ग्रंथालय सुरू झालें. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ सालीं अमरेली भागांत झाला आणि १९०६ सालीं तो साऱ्या संस्थानास लागू झाला. शाळा निघाल्या कीं शिक्षक हवे, खातीं निघालीं कीं कारकून हवे. कोंकणांतलीं तुटपुंजीं शेतें आणि भाऊबंदांचे वाटे यांना कंटाळलेल्या शिकलेल्या तरुणाला याहून मोठें बोलावणें कोणतें? त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके कलाभवनांत शिकले. रत्नागिरी जिल्ह्यांतले गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ त नोकरीस आले, राजपुत्रांना इतिहास शिकवितां शिकवितां रियासतकार झाले आणि १९२५ सालीं सेवानिवृत्त होऊन कामशेतला जाऊन राहिले. बंगालचे अरविंद घोष येथें १८९३ पासून १९०६ पर्यंत होते. मराठी साहित्यसंमेलन बडोद्यास १९०९, १९२१ व १९३४ सालीं भरलें.

मग ओहोटी लागली. १९३९ सालीं सयाजीराव निवर्तले. १९४९ सालीं संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें आणि दरबारची नोकरी हा शब्दच नाहींसा झाला. १ मे १९६० रोजीं बडोदें गुजरातेंत राहिलें. कित्येक मराठी घरें पुण्या-मुंबईकडे वळलीं, कित्येक राहिलीं. मात्र शहर ओस पडलें नाहीं. १९६५ सालीं कोयलीचा तेलशुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला, त्यामागून रसायनांचे कारखाने आले, आणि देशाच्या सर्व भागांतून नवीं माणसें येऊं लागलीं. पगार बोलावतो, ओळखीचा माणूस वाट दाखवितो, आणि चाकरी संपली कीं माणूस निघतो. आमच्या प्रश्नाचें उत्तर एवढेंच आहे, असें आम्ही तिसऱ्या दिवसापर्यंत समजत होतों.

त्या दिवशीं संध्याकाळीं दादांच्या घरीं एक तरुण आला. मराठवाड्यांतला, अभियांत्रिकी शिकलेला, एका कारखान्यांत नुकताच नोकरीला लागलेला. दादांची वरची माडी मुलें गेल्यापासून रिकामी आहे व ती भाड्यानें द्यावयाची आहे, असें कोणाकडून तरी त्याला कळलें होतें. मराठी मुलगा म्हणतांच वहिनींना आनंद झाला. त्यांनीं चहा केला, गांवाकडचा पाऊस-पाणी विचारला. माडी त्याला पसंत पडली, भाडेंही कबूल झालें. मग वहिनींनीं सहज विचारावें तसें आडनांव विचारलें. त्यानें तें मान वर ठेवूनच सांगितलें. वहिनी कपबशा उचलून आंत गेल्या, त्या बाहेर आल्या नाहींत. दादांनीं कॅलेंडरच्या मागें त्याचा दूरध्वनीचा क्रमांक लिहून घेतला आणि म्हणाले, ‘घरांत विचारून कळवितों.’ विचारावें असें घरांत वहिनींवांचून कोणीही नव्हतें, आणि हें त्या मुलालाही दिसत होतें. तो ‘बरं काका’ म्हणाला व जोडे घालून जिना उतरला.

आम्ही झोपाळ्यावर बसलों होतों. पस्तीस वर्षें आम्ही वर्गांत मुलांना न्याय-अन्यायाचे धडे सांगितले; परंतु त्या वेळीं आमच्या तोंडून एक अक्षर निघालें नाहीं.

दुसरे दिवशीं सकाळीं आम्ही एकटेच विश्वामित्रीच्या कांठच्या सयाजीबागेंत गेलों. जुनीं माणसें तिला कमाटीबाग म्हणतात. बाग १८७९ सालची, झाडें मोठीं, सावली दाट. तेथें बांकावर बसलों असतां आम्हांस एका दुसऱ्या नोकरदाराची आठवण झाली. आमच्या आजोबांच्या मागून आठ वर्षांनीं, १९१७ च्या सप्टेंबरांत, तोही याच स्टेशनावर उतरला होता. त्याच्यापाशीं उपाध्यांच्या चिठ्ठीहून मोठी शिफारस होती. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांच्या मध्यस्थीनें सयाजीरावांनीं त्याला साह्य दिलें होतें. दरबारच्या शिष्यवृत्तीवर तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकून आला होता, आणि तिच्या करारानें दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्यास बांधलेला होता. त्याचें नांव भीमराव रामजी आंबेडकर.

पुढें काय झालें तें बाबासाहेबांनीं स्वतःच लिहून ठेवलें आहे. अस्पृश्य म्हणून हिंदूंच्या खानावळींत जागा मिळेना. शेवटीं पारशी नांव सांगून ते एका पारशी धर्मशाळेंत राहिले. अकराव्या दिवशीं सकाळीं कचेरीस निघतांना काठ्या घेतलेली मंडळी दारांत उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास त्यांनीं बजाविलें. ते एका हिंदु स्नेह्यांकडे गेले. स्नेही म्हणाले, तुम्ही आलांत तर माझे नोकर निघून जातील. दुसरे स्नेही ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले. ते म्हणाले, पत्नी उद्यां यावयाची आहे, तिला विचारून सांगावें लागेल. या उत्तराचा अर्थ बाबासाहेबांना कळला. रात्रीं नऊच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनीं याच कमाटीबागेंत बसून काढला व बडोदें सोडलें. आज बागेच्या परिसरांत त्या प्रसंगाची संकल्पभूमि आहे, आणि दर २३ सप्टेंबरला तेथें लोक जमतात.

राजाचें बोलावणें होतें, पगार होता, विद्या होती, दहा वर्षांचा करार होता. राहण्यास खोली नव्हती. दहा वर्षांचे अकरा दिवस झाले.

सयाजीराव या बाबतींत उदासीन होते असें कोणी म्हणणार नाहीं. अंत्यज मुलांसाठीं त्यांनीं शाळा काढल्या त्या १८८० च्या दशकांत. पण त्या शाळांवर जाण्यास सवर्ण शिक्षक तयार होईनात. मुसलमान शिक्षक नेमावे लागले, आणि १९०८ सालीं पंजाबांतून आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांना बोलावून आणावें लागलें. म्हणजे जें काम आमच्यासारख्या शिक्षकांच्या दारांत होतें, त्यासाठीं पंजाबाहून माणूस आला. आमचे बडोद्याचे आजोबा त्याच काळचे शिक्षक. त्यांना अशा शाळेविषयीं कधीं विचारणा झाली होती काय, हें आमच्या घरीं कोणीं सांगितलें नाहीं. आम्हीही कधीं विचारलें नाहीं.

बांकावर बसल्या बसल्या आमच्या ध्यानांत आलें कीं, आपण ज्या गोष्टीवर वाढलों तिच्यांतला मुख्य शब्द आपण कधीं ऐकलाच नव्हता. त्या गृहस्थांनीं आजोबांची वळकटी खांद्यावर घेतली, ती आडनांव ऐकून. तोच प्रश्न एकाला घर देतो आणि दुसऱ्याला गाडींत बसवितो. राजे, दिवाण, कारखाने माणसाला गांवांत आणतात. त्याला गांवांत ठेवणें मात्र आपल्यासारख्यांच्या जिन्यावर असतें.

संध्याकाळीं हें सर्व आम्ही दादांना सांगितलें. त्यांनीं पायाच्या अंगठ्यानें झोपाळा थांबविला, पण बोलले नाहींत. वहिनी म्हणाल्या, ‘भावजी, तुम्ही पाहुणे. चार दिवसांनीं जाल. या पोळेंतल्या चार लोकांत आम्हांला राहायचंय ने!’ त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. आम्ही एवढेंच म्हणालों, ‘वहिनी, घर तुम्ही विकणार, तुम्हीही जाणार. जेथें जाल तेथें तुमचेंही कोणी आडनांव विचारील, आणि तें त्याला कळणार नाहीं.’ वहिनी देवापाशीं दिवा लावण्यास उठल्या. बराच वेळ झाल्यावर आंतूनच म्हणाल्या, ‘क्रमांक कॅलेंडरच्या मागें आहे.’

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दादांनीं त्या मुलास फोन केला. त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला तिघांत मिळून एक खोली मिळाली होती. ‘माडी अजून रिकामी आहे, केव्हांही ये,’ असें दादा दोनदां म्हणाले. पलीकडून तो नम्रपणें म्हणाला, ‘बरं काका. विचार करून कळवितों.’

त्या रात्रीच्या गाडीनें आम्ही परतलों. येत्या गणपतींत बडोद्याच्या आजोबांची गोष्ट सांगण्याची पाळी आमची आहे, कारण आतां घरांत आम्हीच वडील. ती आम्ही सांगूं, वळकटीसह सांगूं. कारण ज्यांनीं ती उचलली त्यांचें आमच्या कुळावर ऋण आहे. मात्र त्यापुढें १९१७ ची गोष्ट सांगूं, आणि या माघांतलीही सांगूं. पानें वाढून झालीं तरी मुलांना थोडें थांबवूं. शेवटचें तें जुनें वाक्य मात्र आमच्यानें आतां म्हणवणार नाहीं.