थंड इंजिन, फिरता पंखा

गाडी रात्रभर उभी होती. सकाळी बोनेट उघडून हात लावला, इंजिन थंडगार. चावी फिरवली आणि रेडिएटरचा पंखा पूर्ण जोरात सुरू झाला.

"भाऊ, हा फॅन बंदच नाही होऊन राह्यला. पेट्रोल बी लय पिऊन राह्यली गाडी," मालक म्हणाले. ते पांढुर्ण्याचेच. आदल्या दिवशी सौसरवरून सिल्लेवानी घाट चढून छिंदवाड्याला जाऊन आले होते. घाटातच काहीतरी बिघडलं, असा त्यांचा समज.

स्कॅनर लावला. इंजिनचं तापमान उणे ४० अंश! इथे, मे महिन्यात. असा आकडा दिसला की समजावं, कुलंट सेन्सरचं सर्किट कुठेतरी तुटलंय. सेन्सरच्या टोकात एक बारीक मणी असतो. थंड असताना त्याचा रोध जास्त, तापला की कमी. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना साधारण अडीच हजार ओम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. तार तुटली की कॉम्प्युटरला बर्फाहून थंड इंजिन दिसतं. असा आकडा खरा असू शकत नाही हे त्याला कळतं, तेव्हा तो धोका पत्करत नाही, पंखा चालूच ठेवतो. मला त्याचं हे वागणं फार आवडतं.

पण स्कॅनरवर सेन्सरचा कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलायचा नाही. शिकाऊ असताना मी तसा बदलला होता. तीन दिवसांनी तीच गाडी परत आली. कपलरच्या मागची वायर आतून तुटलेली होती. त्या माणसाचे पैसे माझ्यामुळे वाया गेले, हे मी विसरलेलो नाही. आता आधी कपलर काढतो आणि त्याची दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडतो. स्कॅनरवरचा आकडा एकदम वर गेला तर वायरिंग ठीक, दोष सेन्सरचा. जागचा हललाच नाही तर वायर शोधत बसायचं. काही जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याचा सेन्सर वेगळा, एका वायरचा असतो; घाईत तोच बदलला जातो.

इथे आकडा वर गेला. सेन्सर नागपूरहून मागवला. पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये झाला, पार्ट मात्र मला अजून तिकडूनच आणावा लागतो.

बदलायचा तो थंड इंजिनवरच. कुलंटचं झाकण उघडून दाब काढायचा, नवा सेन्सर वॉशरसह हातात तयार ठेवायचा, जुना निघताच भोकावर बोट आणि लगेच नवा. पहिले आटे हातानेच बसवायचे. ॲल्युमिनियमचे आटे गेले की काम दहापट वाढतं. जुन्याच्या टोकावर पांढरा थर होता. बोअरचं पाणी.

शेवटी हवा काढायची. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं, वरचा पाइप गरम होईपर्यंत थांबायचं, पातळी पुन्हा भरायची. यात मी घाई करू देत नाही. सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरं सांगतो. पाणी उतरलं आणि टोक हवेत राहिलं, तर हेड जळत असतानाही काटा खालीच दिसू शकतो.

म्हणून घाट चढण्याआधी, थंड गाडीत, कुलंटची पातळी स्वतः डोळ्यांनी बघा. आणि बोअरचं पाणी घालू नका.