पांदण आणि पाटे

परतीच्या पावसात चार दिवस उघडीप मिळाली म्हणून आम्ही झाकून ठेवलेली सोयाबीनची सुडी मोडली आणि थ्रेशर लावला. संध्याकाळी पुन्हा आभाळ भरून आलं. ट्रॅक्टर दुसऱ्याच्या वावरात अडकलेला. बाबा म्हणाले, जेवढं निघते तेवढं तरी घरी पोचव. बोलेरोच्या मागच्या सीटा उचलून आठ कट्टे भरले आणि मी गाडी पांदणीत घातली.

मंगरूळपीर तालुक्यात, शेलुबाजारच्या अंगाला, आमचं वावर गावापासून दीड किलोमीटरवर आहे. पांदण काळ्या मातीची. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पाडलेल्या आणि मधे गवत उगवलेला कणखर उंचवटा. अर्ध्या वाटेत गाडी थांबली. चिखलात रुतली असती तर चाकाखाली दगड, तुराट्या टाकून काढली असती. ही रुतली नव्हती, बसली होती. मागच्या ॲक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा जो गोल डबा असतो तो उंचवट्यावर टेकला होता, सगळा भार त्याच्यावर आणि चाकं चाकोरीत नुसतीच गरागरा फिरत होती. आठही कट्टे एकेक करून पाठीवर बांधापर्यंत नेले. दोन भिजले. त्या जागेवरून रात्री समृद्धी महामार्गाचे दिवे दिसतात. 11 डिसेंबर 2022 ला तो नागपूर ते शिर्डी सुरू झाला. त्यावर मोटारी ताशी 120 किलोमीटरने जातात आणि आमच्या मालाला दीड किलोमीटरसाठी चार तास लागले होते. त्या रात्रीचा तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

बाबांचं मत पडलं, "इकून टाक." माझ्या डोक्यात मात्र गाडी उंच करायचं बसलं. सस्पेन्शन दोन इंच उचलायचं, शिवाय बॉडी आणि चासीच्या मधे गट्टू घालून ती आणखी दोन इंच वर घ्यायची. बोलेरोची चासी वेगळी आणि बॉडी वेगळी, म्हणून हे दोन्ही शक्य असतं. सगळं घरीच करायचं ठरवलं, कारण बाहेर मजुरीच फार सांगत होते.

मे महिन्यात कडुनिंबाखालच्या सपाट जागेत गाडी लावली आणि आधी मापं घेतली. हे आधी केलं म्हणून पुढचं सगळं नीट झालं. चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मागे उजवीकडे 45 सेंटिमीटर भरलं, डावीकडे 43. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, इथे दोन सेंटिमीटरचा फरक होता. मुख्य पाटा तर कमान सोडून जवळजवळ सरळ झाला होता.

वाशीमला पाटेवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी वाकून पाहिलं, हातातल्या तारेने पाट्याची कमान मोजली आणि म्हणाले, "उचलाची गोष्ट मागून कर बापा. तिले आंधी तिच्या जाग्यावर तं आन. हे गाडी बसली हाय." जुनाच पाटा ठोकून कमान देता येईल का, असं विचारलं. "देतो ना. पन दोन पिकं निघाले का पुन्हा बसन. लोखंड थकते." भट्टीत लाल करून वाकवला तर पाट्याचं पाणी उतरतं, मग तो नरम तरी पडतो नाहीतर कडक होऊन तुटतो, हेही त्यांनीच सांगितलं. मी हट्टाने विचारलं, एक पाटा जास्तीचा टाकू का? गाडी उंच होईल, असं ते म्हणाले, पण रिकामी असली की उड्या मारेल. बाबांची कंबर दुखते आणि वर्षातले दहा महिने गाडी रिकामीच पळते. म्हणून कंपनीच्या मापाचे नवे पाटे, नवे बुश, नवे यू-बोल्ट एवढंच घेतलं. जुने यू-बोल्ट ताणले गेलेले असतात, ते परत लावायचे नसतात.

काम सुरू करायच्या आधी तीन संध्याकाळ प्रत्येक नटावर डिझेल सोडलं. जॅकखाली शहाबादी फरशीचे तुकडे ठेवले, चासीखाली लोखंडी घोडे लावले आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड. बाबांचा एवढ्याने जीव भरला नाही. त्यांनी बाभळीचे दोन ओंडके चासीखाली सरकवले आणि ते तिथून हलले नाहीत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो.

दुसऱ्या जॅकने ॲक्सल खालून तोलून धरला, शॉकअपचं खालचं टोक सोडलं आणि यू-बोल्टला पाना लावला. पान्यावर तीन फुटी पाइप चढवून मी आणि मामेभाऊ दोघे लटकलो तेव्हा पहिला नट सुटला. खरी अडचण मागच्या शॅकलच्या बोल्टने केली. नट निघाला, पण बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झाला होता. इतक्या वर्षांची काळी माती त्या फटीत शिरून सिमेंटसारखी घट्ट झालेली. छन्नीने खरवडली तर तिचे कागदासारखे पदर निघत होते, एका पावसाळ्याचा एक पदर असावा तसे. हातोडीने बोल्टचं डोकं चपटं झालं तरी तो हलला नाही. शेवटी आक्सा ब्लेडने दोन्ही बाजूंनी कापला. त्या एका बोल्टला सकाळी सातपासून दुपारी बारा वाजले. आई ताक घेऊन आली तेव्हा आमच्या दोघांच्याही हातांना थरथर सुटली होती.

नवा पाटा चढवणं त्यामानाने सोपं गेलं. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या भोकात नेमकं बसतं, तिथेच ॲक्सल सरळ राहतो. यू-बोल्ट चारही कोपऱ्यांनी थोडे थोडे करून आवळायचे. मात्र शॅकलचे आणि पुढच्या डोळ्याचे बोल्ट गाडी हवेत असताना पक्के करायचे नसतात. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचा भार आला की मगच शेवटचा आवळा द्यायचा. नाहीतर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि वर्षाच्या आत फाटतो. मला हे ठाऊक नव्हतं, चाचांनी फोनवर दोनदा बजावलं होतं. मागचे ब्रेकचे होजही तपासले. ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळला तरी होज ताणला जाता कामा नये.

पुढच्या कॉइल स्प्रिंगना मी घरी हात लावला नाही. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणूस जातो. ते काम वाशीममध्ये, स्प्रिंग आवळायचं साधन असलेल्या गॅरेजमध्ये करून घेतलं आणि तिथूनच अलाइनमेंट करून आणली. हेडलाइटही पुन्हा जुळवून घेतले, कारण मागचा भाग उचलला की झोत बदलतो.

राहिली बॉडी. लेथवाला गट्टू बनवून द्यायला तयार होता. त्या रात्री टॉर्च घेऊन मी गाडीखाली आडवा झालो आणि कोणती गोष्ट चासीला आहे, कोणती बॉडीला, हे पाहत गेलो. स्टिअरिंगचा दांडा बॉडीतून निघून चासीवरच्या स्टिअरिंग बॉक्सला जातो. डिझेल भरायचं तोंड बॉडीला, टाकी चासीला. गिअरचा दांडा इंजिनाबरोबर खाली राहणार आणि फ्लोअर वर जाणार. हँडब्रेकची केबल, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, सगळं दोन इंचांनी ताणलं जाणार. एवढं करून पांदणीत काय मिळणार? काहीच नाही. बॉडी उचलली की चासी जिथल्या तिथेच राहते. फायदा एकच, मोठे टायर बसतात.

आणि कायदा आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. कंपनीच्या मूळ मापांपासून गाडी बदलू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. दंड भरता येतो. पण त्या गाडीत माझे आईवडील बसतात आणि तिचं स्टिअरिंग मी लेथवरच्या गट्टूच्या भरवशावर सोडणार होतो. मी बेत सोडला.

सोडला तरी रबरं मात्र बदलली. बॉडी ज्या रबरांवर बसते ती चेपून पापडासारखी झाली होती, दोन तर दोन बोटांनी चुरली. एका बाजूचे बोल्ट फक्त सैल करायचे, दुसऱ्या बाजूचे काढायचे, त्या बाजूला लाकडी फळीवर जॅक लावून बॉडी बोटभर उचलायची, जुनं रबर काढून कंपनीचंच नवं सरकवायचं, मग तसंच उलट करून उरलेली बाजू. गाडी चालवताना वर्षानुवर्षं येणारा दारांचा खडखडाट त्या दिवसापासून थांबला. या सगळ्या कामातला मला सर्वांत जास्त आनंद देणारा भाग हाच होता.

पुन्हा मापं घेतली. मागे दोन्हीकडे साडेअठ्ठेचाळीस. म्हणजे डावी बाजू साडेपाच सेंटिमीटर वर आली होती, तीही मूळ मापातच. बाबा गाडीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "नवीन आनली तवा अशीच उभी राहे." मग मी खाली वाकून डिफरन्शियल ते जमीन हे अंतर मोजलं. आधी 20 सेंटिमीटर होतं. आताही 20.

मी तिथेच बसून राहिलो. खरं तर हे आधीच कळायला हवं होतं. पाटे चासीला वर उचलतात, ॲक्सल चाकांच्या मधोमध असतो आणि चाकं तेवढीच आहेत. चेंबर, सायलेन्सर, टाकी, सगळं वर गेलं होतं, फक्त ऑक्टोबरमध्ये जे टेकलं होतं ते नाही. जूनमध्ये झिजलेले टायर बदलून त्याच मापाचे नवे घातले तेव्हा ते अंतर पाऊण सेंटिमीटरने वाढलं. मापातच राहायचं तर गाडीकडून मिळणारं तेवढंच.

सप्टेंबरअखेर सोंगणीच्या आधी मी रिकामी गाडी घेऊन पांदणीत गेलो, बाबा शेजारी. जुन्या जागेवर खालून घासल्याचा आवाज आला, पण गाडी थांबली नाही. पलीकडे जाऊन उतरलो. गवत दबून उंचवट्यावर एक गुळगुळीत, चकाकणारी रेघ उमटली होती, साधारण वीस-बावीस पावलं लांब. बाबांनी ती पावलांनी मोजली.

पांदण रस्त्यांसाठी 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. आमच्या पांदणीचा अर्ज दिलेला आहे आणि मी त्याचा पाठपुरावा सोडणार नाही. पण सोयाबीन वाट पाहत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कुदळ-फावडं घेऊन आम्ही दोघं गेलो. बाबा त्या रेघेवरून उंचवटा खणत होते आणि निघालेली माती मी दोन्ही चाकोऱ्यांत ओढून, वर आणलेला मुरूम टाकून धुमसत होतो. नऊ वाजेपर्यंत रेघेचा अर्धा पल्ला झाला. बाबांनी कंबरेवर हात ठेवला, पुढची रेघ पाहिली आणि मला म्हणाले, "फावडं दे इकडं, तू गाडी घेऊन ये. टेकते का पाहू."