गप्प राहण्याचे दोन प्रकार



'बिन-जिप' हा किम की-दुक यांचा २००४ चा कोरियन चित्रपट. नावाचा अर्थ 'रिकामे घर'. व्हेनिसच्या महोत्सवात दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळालेली ही प्रेमकथा, पण नायक ते-सोक शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही.

तो दारांवर जाहिरातीचे कागद चिकटवत फिरतो. कागद तसाच राहिला, म्हणजे घरी कोणी नाही. मग तो आत शिरून राहतो. चोरी मात्र करत नाही. उलट कपडे धुतो, बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करतो. अशाच एका घरात त्याला सुन-ह्वा दिसते. नवऱ्याच्या माराचे वळ तिच्या चेहऱ्यावर असतात. ती त्याच्यासोबत निघते. पुढे एका घरात त्यांना एक म्हातारा मरून पडलेला आढळतो. ओळख ना पाळख, तरी दोघे त्याला नीट कापडात गुंडाळून मूठमाती देतात. तोबीताची आठवण यावी असा तो प्रसंग आहे.

परक्या घरात शिरणे किंवा विवाहाबाहेरचे नाते आपण कित्ता म्हणून घेत नाही. पण पाहा, बोलतो तो नवरा, आणि मारतोही तोच. जखमा दिसतात त्या न बोलणाऱ्याला. पोलीस तर तिला पुन्हा नवऱ्याच्याच हवाली करतात.

ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडले आणि दोष देऊ लागले. म्हणून घरभेटीला जाताना आम्ही ठरवले आहे की, मार खाल्लेल्या बहिणीला 'सहन कर' असा उपदेश करायचा नाही. आधी शेजारी बसायचे, ऐकायचे, हाताला येईल ते काम करायचे.

मात्र मारणाऱ्यापुढे गप्प बसणे ही सेवा नव्हे. चित्रपटाच्या शेवटी दोघे वजनकाट्यावर उभे राहतात आणि काटा शून्य दाखवतो. खऱ्या घरातला मार असा हलका होत नाही. आपल्याकडे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. तिने सोबत मागितली, तर आपण उठून जायलाच हवे.

प्रभो, कुठे गप्प राहावे आणि कुठे बोलावे, हे आम्हांला शिकव. आमेन.