अर्ध्याच्या किती पुढे?

०.६ आणि ०.४५ यांतली मोठी संख्या कोणती, असे पाचवीच्या शिष्यवृत्ती वर्गात विचारले की काही हात हमखास ०.४५ साठी वर जातात. ही चूक आळशीपणाची नसते. पूर्ण संख्यांमध्ये जास्त अंकांची संख्या नेहमीच मोठी असते. मुलाने आजवर तेच पाहिलेले असते आणि तोच अनुभव ते दशांश चिन्हाच्या उजवीकडे नेते. ‘पॉइंट पंचेचाळीस’ या वाचनाने त्याला बळच मिळते. ‘शून्य दशांश चिन्ह चार पाच’ असे अंक सुटे वाचण्याचा आग्रह त्यासाठीच धरावा लागतो. ज्याला ३.५ रुपये म्हणजे तीन रुपये पाच पैसे वाटतात, त्याचा घोळही हाच.

यावर सरसकट सांगितला जाणारा उपाय म्हणजे शून्ये जोडून अंक सारखे करणे: ०.६० आणि ०.४५. उपाय बरोबर आहे, पण ६ दशांश म्हणजेच ६० शतांश हे उमगले नसेल तर तेच शून्य ६ च्या अलीकडे जाऊन बसते आणि ०.६ चे ०.०६ होते. स्थानिक किंमत पक्की होईपर्यंत तुलनेकडे वळण्यात अर्थ नाही.

व्यवहारी अपूर्णांकांतली चूकही याच घरातली. ८ हा ६ पेक्षा मोठा, म्हणून १/८ हा १/६ पेक्षा मोठा! अंश समान असता छेद जितका मोठा तितका अपूर्णांक लहान, हे एकदा नीट कळले की परीक्षेतल्या बऱ्याच गणितांची किल्ली हाती येते. ती कशी चालते हे एका उदाहरणात पाहण्यासारखे आहे.

उतरत्या क्रमाने लावा: ७/१२, ०.६, ४/७, ५/८, ०.५८.

वर्गात शिकवलेली रीत म्हणजे सगळ्यांचे व्यवहारी अपूर्णांक करून छेद समान करणे. इथे लसावि ४२०० येतो. उत्तर मिळेल, पण शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपरात भाषा आणि गणित मिळून ७५ प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद. दुसरी रीत सगळ्यांचे दशांश करण्याची. ५/८ चे ०.६२५ सहज होते, कारण ८ च्या अवयवांत २ शिवाय काही नाही. १२ मध्ये ३ आहे आणि ७ तर ७ च आहे, म्हणून तिथे भागाकार संपत नाही. अतिसंक्षिप्त रूपात छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील तरच दशांश रूप खंडित होते. कोणता भागाकार करायचा आणि कोणता टाळायचा, हे या नियमाने पेन्सिल टेकवण्याआधीच ठरवता येते.

पण आधी संख्यांकडे नुसते पाहावे. पाचही संख्या अर्ध्याच्या जरा पुढे आहेत. किती पुढे? ५/८ हा १/८ ने, ०.६ हा १/१० ने, ७/१२ हा १/१२ ने, ४/७ हा १/१४ ने. ०.५८ हा ०.०८ ने पुढे, म्हणजे १/१२ पेक्षा कमी, कारण ०.०८ गुणिले १२ म्हणजे ०.९६, आणि १/१४ पेक्षा जास्त, कारण ०.०८ गुणिले १४ म्हणजे १.१२. क्रम समोर उभा राहतो: ५/८, ०.६, ७/१२, ०.५८, ४/७. लसावि नाही, लांबलचक भागाकार नाही. जुन्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केली होती. पाव, अर्धा, पाऊण हे टप्पे तिच्या जिभेवर असत. त्या पाढ्यांचे पाठांतर गेले म्हणून बिघडले नाही, पण टप्पे गेले हे मात्र नुकसान आहे.

एकच्या जवळच्या संख्यांना हीच दृष्टी लावावी. ७/८, ०.९ आणि ११/१२ हे एकला अनुक्रमे १/८, १/१० आणि १/१२ ने कमी पडतात. सर्वांत कमी कमतरता ११/१२ ची, म्हणून तोच मोठा. ‘अंश आणि छेद यांतला फरक सारखा असेल तर मोठ्या छेदाचा अपूर्णांक मोठा’ अशी एक युक्ती क्लासमध्ये घोकून घेतली जाते. १३/१७ आणि १७/२१ यांना ती लागू पडते. ९/७ आणि ११/९ यांना लावली तर उत्तर उलटे येते, कारण हे अंशाधिक आहेत आणि १ च्या पुढे २/७ हे २/९ पेक्षा जास्त आहेत. कारण न सांगता दिलेली युक्ती मुलाला नेमकी परीक्षेत दगा देते. ती तशी देऊ नये.

५/७ आणि ८/११ यांसारखी जोडी आली की तिरकस गुणाकाराला पर्याय नाही. ५ × ११ = ५५, ८ × ७ = ५६; म्हणून ८/११ मोठा. या दोहोंच्या दरम्यानचा अपूर्णांक विचारला तर अंशांची आणि छेदांची वेगवेगळी बेरीज करावी: १३/१८. असा अपूर्णांक नेहमी मधेच पडतो. जॉन फॅरी या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाने १८१६ मध्ये अशा अपूर्णांकांच्या क्रमाकडे लक्ष वेधले, आणि ते क्रम आज त्याच्याच नावाने ओळखले जातात.

आवर्ती दशांशात पर्याय मुद्दाम जवळजवळ दिलेले असतात: २/३, ०.६६, ०.६७. २/३ म्हणजे ०.६६६…, त्यामुळे तो दोघांच्या मधे बसतो, ०.६६ वर थांबून ‘समान’ म्हणणारा फसतो. सातच्या छेदाचे दशांश पाठ असणे फार सोयीचे. १/७ = ०.१४२८५७…, आणि पुढचे पाचही अपूर्णांक याच सहा अंकांच्या चक्रात फिरतात. हे अंक चढत्या क्रमाने लावले, १, २, ४, ५, ७, ८, की १/७ ते ६/७ यांचे पहिले दशांश स्थान अनुक्रमे मिळते. ४/७ ची सुरुवात ५ ने, म्हणून तो ०.५७१४२८….

आठवीपर्यंत ऋण संख्या आलेल्या असतात. ५/८ हा ०.६ पेक्षा मोठा, म्हणून −५/८ हा −०.६ पेक्षा लहान. इथे घाई करू नये. आधी चिन्ह झाकून तुलना करावी आणि मग क्रम उलटावा. शेवटी प्रश्नातला ‘चढता’ की ‘उतरता’ हा शब्द पुन्हा वाचावा. चार पर्यायांत बरोबर क्रमाचा नेमका उलटा क्रमही बहुधा दिलेला असतो.