लष्करातील बिऱ्हाड

गेल्या मार्गशीर्षात तानसेन समारोहानिमित्त आम्ही उभयता ग्वाल्हेरीस गेलो आणि लष्करात चार दिवसांसाठी एक सुसज्ज बिऱ्हाड भाड्याने घेतले. लष्कर ही मूळची दौलतराव शिंद्यांची छावणी. तेथेच १९१४ साली कृष्णराव शंकर पंडितांनी शंकर गांधर्व महाविद्यालय स्थापिले. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरीस संगीतनगरीचा मानही दिला.

बिऱ्हाडात गॅस, फ्रीज, शुभ्र चादरी सारे होते. यजमान तेवढा नव्हता. किल्ली दारावरील पेटीतून घ्यावयाची! ज्योत पेटवू नये, अशी भिंतीवर पाटी. मंगेशीच्या अग्रशाळेत उतरण्याची सवय असलेल्या आम्हांस पहिली तिन्हीसांज जड गेली. निरांजन हाती घेऊन जिन्यापाशी घुटमळत होतो, तोच समोरच्या वृद्ध बाईंनी विचारले, "दिवा लावायचाय ना? या, आमचं देवघर आहे की!"

चारही संध्याकाळी आमचे निरांजन त्यांच्या देवांपुढे तेवले. आत त्यांची नात तंबोऱ्यावर यमन आळवीत असे.

गोव्यातील आमच्या घराच्या दोन खोल्या आम्हीही अशाच प्रवाशांना देतो. तेथेही तीच पाटी आहे. परतताच ती काढली, एक कोनाडा रिकामा केला आणि त्यात समई ठेवली. आता किल्ली आम्ही स्वतः हातात देतो.