एक पडदा, दोन संसार

दोन्ही टोके भोकांत नीट बसली की वायर योग्य, अशी माझी परवापर्यंत समजूत होती. ती मला चारशे रुपयांना पडली.

त्याचे असे झाले. बाबांच्या जुन्या संगणकाचा मॉनिटर ऐन पावसाळ्यात बंद पडला. निवृत्तीनंतर ते आजीने सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या वहीवरून टाइप करीत बसत. साठ पाने झाली होती. नव्या मॉनिटरची किंमत ऐकून म्हणाले, "राहू दे. माझं काय अडलंय?" आणि वही कपाटात गेली. बाबांचे 'राहू दे' आम्हांला नवे नाही. माझ्या प्रवेशाच्या वर्षी त्यांचा चष्माही असाच 'राहिला' होता.

दादा घरूनच कचेरीचे काम करतो. त्याच्या लॅपटॉपला जोडलेला मोठा मॉनिटर संध्याकाळी सहानंतर रिकामाच असे. तो बाबांना द्यावा, असे मी सुचवले. पण रोज वायरींची काढघाल दादाला मंजूर नव्हती. मॉनिटरच्या पाठीला दोन वाटा होत्या : एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. पहिली दादाने अडवलेली. बाबांच्या संगणकालाही एचडीएमआयच. तेव्हा एका टोकाला हे आणि दुसऱ्याला ते, अशी वायर मी ऐटीत आणून जोडली. पडद्यावर अक्षरे उमटली, 'नो सिग्नल'!

"राहू दे रे," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याची तपकीर गल्ली गाठली. दुकानदाराने वायरीकडे पाहून एवढेच विचारले, "चित्र कुठून कुठं न्यायचंय?" हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मग त्याने समजावले. संगणकावरचे डिस्प्लेपोर्ट बहुधा एचडीएमआयची भाषाही बोलते. म्हणून संगणकाकडे डिस्प्लेपोर्ट आणि पडद्याकडे एचडीएमआय असेल, तर साधी वायर चालते. उलट दिशेने मात्र ती मुकी! तिथे दुभाष्या लागतो, म्हणजे चिप असलेला अडॅप्टर. आणि त्याला बहुधा वेगळी वीजही पुरवावी लागते. १९८७ सालापासूनच्या १५ पिनांच्या व्हीजीएला एचडीएमआयवरून चित्र द्यायचे, तरी हीच कथा.

"लॅपटॉपला टाइप-सी आहे का? पण प्रत्येक टाइप-सीतून चित्र येत नाही हं. काहींतून नुसतंच चार्जिंग नि डेटा," तो म्हणाला. मी दादाला फोन केला. भोकाशेजारी डिस्प्लेपोर्टची खूण होती. म्हणजे सरकायचे होते ते दादाने! त्याने टाइप-सीतून डिस्प्लेपोर्टकडे जायचे, आणि मोकळी झालेली एचडीएमआयची वाट बाबांना द्यायची. पुढे मॉनिटरचे एक बटण दाबले की काम झाले.

त्या दिवशी सहाच्या ठोक्याला दादाने आपण होऊन बटण दाबले. पडद्यावर साठावे पान उभे राहिले. बाबांनी आधी त्याच्याकडे पाहिले. "तुझं काम संपलं ना?" मग त्यांनी वही उघडली.

ती पहिली वायर मी टाकलेली नाही. तिचा काही दोष नव्हता. ती एकाच दिशेने वाहणारी होती. आमच्या घरातही इतकी वर्षे सारे एकाच दिशेने वाहत आले, बाबांकडून आमच्याकडे. उलट काही न्यायचे, तर कुणीतरी थोडे सरकावे लागते, एवढेच.