हाड पोखरतं कोण?

स्तनाचा कर्करोग हाडात उतरला की हाड पोखरलं जातं, पण पोखरणाऱ्या पेशी गाठीच्या नसतात, हाडाच्याच असतात. निरोगी हाडातही मोडणं-बांधणं रोज चालू असतं. ऑस्टिओक्लास्ट पेशी आम्ल सोडून जुनं हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट त्या जागी नवं भरतात. कर्करोगाच्या पेशी पीटीएचआरपी हे प्रथिन सोडून हा तोल बिघडवतात. त्यामुळे ऑस्टिओब्लास्टकडून रँकएल हा रेणू जास्त बनतो आणि मोडणाऱ्या पेशींची संख्या वाढते. विरघळलेल्या हाडातून टीजीएफ-बीटा हा वाढ-घटक मोकळा होतो. तो मिळाला की गाठ आणखी पीटीएचआरपी सोडते. चक्र सुरू झालं की आपणहून थांबत नाही.

गाठ हाडच का निवडते? लंडनच्या स्टीफन पॅजेट या सर्जनने 1889 मध्येच म्हटलं होतं, बी कुठेही उडालं तरी रुजतं मानवेल त्या मातीतच. स्तनाच्या गाठीला हाड ही तशी माती. प्रोस्टेटच्या कर्करोगात बहुधा उलट घडतं, हाड वाढतं. पण ते वेडंवाकडं बांधलेलं, म्हणून तेही मोडतं.

मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्याच्या परिसरात भातलावणीनंतर कंबर धरणं नवलाचं नाही, आणि नेमकी तिथेच गफलत होते. कष्टाचं दुखणं पाठ टेकली की उतरतं. हाडात उतरलेल्या कर्करोगाचं दुखणं रात्री जागं ठेवतं. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बाईची अशी कंबर मलम चोळून घालवू नये. समोरून काढलेल्या एक्स-रेत प्रत्येक मणक्याला डोळ्यांसारखी दोन वर्तुळं दिसतात. त्यातलं एक पुसलेलं असेल तर मणका पोखरला गेला आहे. एक्स-रे साफ आला म्हणून मात्र निश्चिंत होता येत नाही, कारण हाडातलं तीसेक टक्के खनिज गेल्याशिवाय त्यात काही उमटत नाही. पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी मुरबाड-कल्याण गाठून परळचं टाटा किंवा तसं मोठं रुग्णालय जवळ करावं; मज्जारज्जू दबला की उशिराची भरपाई होत नाही. फार तहान, बद्धकोष्ठ आणि गुंगी एकत्र आली तर रक्तातलं कॅल्शियम तपासावं. ते विरघळलेल्या हाडातलंच असतं.

दुखण्यावर बरेचदा 8 ग्रेचा एकच रेडिएशन डोस पुरतो. सलाईनमधून दिलं जाणारं झोलेड्रोनिक अॅसिड गाठीला नव्हे, ऑस्टिओक्लास्टला मारतं. डेनोसुमॅब रँकएलला अडवतं. दोन्ही सुरू करण्याआधी दात दाखवावेत. मशेरीने हललेला दात काढायचा असेल तर तेव्हाच काढावा. नंतर काढल्यास कधीकधी जबड्याचं हाड उघडं पडून जखम महिनोन्‌महिने भरत नाही.